तंदुराच्या पोटात कोण बघतो?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मोहल्ल्याचे वडीलधारे तुर्सुनअली ओता, व्यासपीठावर मानाच्या जरीच्या झग्यात घामाघूम झालेले सत्कारमूर्ती हिकमतुल्ला साहेब, आणि पुलाव कधी वाढतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या मर्गिलानकर बंधुभगिनींनो,

मी कणीकवाली होसियत ओपा, तुम्हा सगळ्यांची थोरली बहीण. आमच्या नानच्या दुकानात तिघांची भागी. कणीक माझी, तंदूर एर्गशचा, विक्री साहेबांची. साहेब आता ताश्कंदला मोठं दुकान काढायला निघालेत. आत्ताच एक वक्ते म्हणाले की हे दुकान साहेबांनी वाढवलं. खरं आहे. हातपाय वाळले तरी पोट वाढतंच की.

दुकान म्हणजे तरी काय हो? कणीक, आग आणि गिऱ्हाईक. तिघांची सारखी देखभाल ठेवली तर ते चालतं. साहेबांनी लाड केले एकट्या गिऱ्हाइकाचे. काचेची कपाटं आली, दिव्यांची पाटी आली, घरपोच नान द्यायला स्कूटरी आल्या. इकडे माझ्या खोलीचं छप्पर गळत होतं, मी परातीवर ताडपत्री धरून कणीक मळायचे. एर्गश सारखा म्हणायचा, तंदुराची माती झडतेय, नवा घालू या. साहेबांचं उत्तर मला पाठ आहे. "तंदुराच्या पोटात कोण बघतो, ओपा? लोक पाटी बघतात."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेवटी जुना तंदूर ढासळला, तेव्हा कुठे नवा घातला. लोकर मिसळलेली माती ती. सावलीत वाळू द्यायची, मग रोज थोडाथोडा जाळ करून मुरवायची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण साहेब एका लग्नाच्या नानचा शब्द देऊन बसले होते. एर्गश म्हणाला, माती ओली आहे. साहेब म्हणाले, जाळ वाढव, वाळेल. आणि स्वतः लग्नघरी मिरवायला गेले.

तंदुराची भिंत सुटली. भिंतीला चिकटवलेले सगळे नान राखेत पडले. नान नुसता पालथा ठेवला तरी आपली म्हातारी माणसं कावतात, इथे तो राखेत लोळत होता. एर्गशला ते बघवेना. त्याने दोन्ही हात आत घातले. तो बघा, पहिल्या रांगेत बसलाय, बायकोच्या हातून चहा पितोय. त्याने मला बजावलंय, ओपा, आज गोड बोल. बोलतेच आहे.

साहेब त्याला बघायला एकदाही गेले नाहीत. मला राग आलाय आणि तो झाकायचा माझा विचार नाही.

असो. अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ घसरली असेल तर मोहल्ल्याने मोठ्या मनाने सोडून द्यावं.

आता एक रीत तेवढी उरली. आपलं माणूस दूर निघालं की त्याने नानचा एक घास खायचा आणि उरलेला आपण भिंतीला टांगायचा, म्हणजे तो संपवायला माणूस परत येतो. तो नान मी आणलाय. कणीक माझी, भाजला एर्गशच्या बायकोने, तंदूर नीट मुरवून.

घे, हिकमत. खाली बस आणि सगळा खा. चहा मी ओतून देते. एक तुकडाही मागे ठेवू नकोस.