शकुबाईनं समासात लिहिलेलं

(चामोर्शी. जलालुद्दीनचं बुकबाइंडिंगचं दुकान. मुलगी नाहीद आत लेई ढवळते आहे.)

जलालुद्दीन : उघडू नका, बापूजी. पहिले माझं ऐका.

बापूजी : ऐकाचं काय गा त्याच्यात? उधईनं खाल्लेलं पुस्तक, पुठ्ठा कसा कडक बसवला तू! उद्या पोरगी नीलिमा येऊन राह्यली चंद्रपूरवरून. शकू गेल्यावर पहिल्यांदाच. आईचं अक्षर पाहाचं म्हणते.

जलालुद्दीन : तेच सांगून राह्यलो. अक्षर नाई राह्यलं.

बापूजी : नाई राह्यलं म्हंजे?

जलालुद्दीन : शिलाई झाली का तिन्ही बाजू कापाच्या, हा आमचा दस्तूर. कडा खराब होत्या म्हणून बोटभर जास्तच घेतलं. सफाई पाहून खूश झालो. मंग खाली पाह्यलं, तं कापलेल्या कागदाची एक कतरन पडून होती, तिच्यावर निळी शाई.

बापूजी : थांब, पाहू दे... अरे, हर पानाच्या बाजूले लिवून होतं गा! झाडपाल्याचा एवढा मोठा कोश, पण छापलेलं तिले पुरेच नाई. "याहीनं आपलं रान कुठी पाह्यलं?" म्हणे. अंगणवाडीतून आली का बसे लिवत. कोण्या बाईनं कोणती भाजी सांगतली, कोणतं झाड कुठी आहे, सारं.

जलालुद्दीन : तवर बाकी कतरनीचं पोतं रद्दीवाला घेऊन गेला होता. त्याच्यामागं मूल गावापर्यंत गेलो. माल पुढं गेला होता. गुन्हा माझा आहे. शिव्या द्या, खालमानेनं ऐकतो.

बापूजी : कोणाले देऊ? नव्यासारखं करून दे, हे मीच म्हणलो होतो. बाजूले लिवलेलं जप, एवढं सांगाची अक्कल नाई आली मले.

जलालुद्दीन : एक काम केलं मी. हर पानाले कोरी पट्टी चिकटवली. पाहा. नाहीदचं मराठी साफ आहे. तुम्ही सांगा, ती लिहील. आज दुसरं काम घेतलंच नाई. ये बेटी, बस इथी.

नाहीद : पहिले मोहाचं घेऊ, काका? काकूनं काय लिहिलं होतं?

(बापूजी कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवतात.)

नाहीद : आठवत नसन तं पुढचं घेऊ. हे बेहड्याचं.

बापूजी : मोहाचं मालूम आहे मले, पोरी. बेहड्याचंही. जनम रानात गेला माझा. पण ते माझं होईन. तिचं नाई होणार.

जलालुद्दीन : तिचंच सांगा नं. एखादं तरी आठवन.

बापूजी : वाचलं असतं तं आठवलं असतं ना गा.

नाहीद : कधीच नाई वाचलं?

बापूजी : घरातच तं होतं. तीस वर्षं ती ओसरीत लिवत राह्यली, मी बाजूले सुपारी कातरत बसलो. एकदाही म्हणलो नाई, वाचून दाखव म्हणून.