पस्तीस इंची चार टायर उतरवल्याबाबत

मी, टायरवाल्या मावशी या नावाने ओळखली जाणारी, वय ४९ वर्षे, धंदा टायर व चाके बसवण्याचे दुकान, राहणार बाजाराच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर, दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी पतीसह राहते. दुकान पतीच्या नावावर आहे काय असे विचारले असता सांगते की, नाही, माझ्या नावावर आहे. पती शिंपी आहेत. ते त्यांची मापे घेतात, मी माझी घेते. हे काम मी सासऱ्यांच्या हाताखाली शिकले, त्यास पंचवीस वर्षे झाली.

तक्रारदार यांचे मोठ्या रस्त्यावर फर्निचरचे शोरूम आहे. त्यांच्या पत्नी गुरांच्या डॉक्टर आहेत. दोघांना मी गिऱ्हाईक म्हणून ओळखते. त्यांची गाडी चारही चाकांना जोर लागणारी, डोंगरात चढणारी आहे. डॉक्टरबाई रोज सकाळी ती घेऊन निघतात. तीस किलोमीटर डांबर, पुढे आठ किलोमीटर खडी आणि चिखल, वर मेंढपाळांच्या वस्त्या, आणि संध्याकाळी तसेच परत.

गेल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तक्रारदार ही गाडी घेऊन दुकानी आले. मोबाइलवर एक फोटो दाखवून म्हणाले, "मावशी, असले टायर पाहिजेत. पस्तीस इंची, आणि रिम वीसची. गाडी वाघासारखी उभी राहिली पाहिजे." मी विचारले, "रोज कोण चालवतं?" ते म्हणाले, "बायको. मी फक्त रविवारी." मी म्हणाले, "मग माप रोज चालवणाऱ्याचं घ्यायचं की रविवारवाल्याचं? त्यांना विचारलंत का?" त्यावर ते हसले व म्हणाले, "तिला गाडीतलं काय कळतंय? तिचा दिवस म्हशीच्या मागे उभं राहण्यात जातो." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती, ती हसली. मी हसले नाही.

मी त्यांना सांगितले ते असे. कंपनीने या गाडीला सोळाची रिम आणि साडेतीस इंच उंचीचा टायर दिला आहे. एक पायरी वर, साडेएकतीसपर्यंत, काही न कापता बसतो. पस्तीस बसवायचा तर आधी स्प्रिंगा बदलून गाडी उंच करावी लागते, नाहीतर चाक पूर्ण वळवले की पत्र्याला घासते; आतले गिअरही बदलावे लागतात. चाक जड होते, म्हणून ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते. वेगाचा काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी एकोणसत्तरवर असते. शिवाय रिम वीसची घेतली की एवढा मोठा टायर घेऊनही रबराची भिंत जवळपास तेवढीच राहते, वाढतो तो नुसता धातू. डोंगरात चालते ते रबर, फोटोत दिसते ती रिम. तरी सोळाचीच रिम ठेवा, साडेएकतीसचा टायर घ्या, खडी आणि डांबर दोन्हीवर चालेल अशा नक्षीचा, आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची घ्या, असे मी सांगितले.

ते म्हणाले, "तुम्ही दुकान चालवता की शाळा?" मी म्हणाले, "शाळा असती तर तुम्हाला पहिलीत बसवलं असतं." हे मी बोलले, हे खरे आहे. तक्रारीत माझ्या तोंडी घातलेल्या वाक्यांपैकी एवढे एकच खरे आहे. त्यानंतर ते गाडी घेऊन निघून गेले.

गिऱ्हाईक मागेल ते द्यायला तुमचे काय जात होते, असे विचारले असता सांगते की, नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने असेच माप मागितले होते आणि मी ते बसवून दिले होते. तेव्हा माझ्याविरुद्ध कोणी तक्रार केली नाही. तक्रार करायला त्या गाडीतले कोणी उरले नव्हते. याबाबत अधिक काही सांगायचे नाही.

पुढे तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास, डॉक्टरबाई एकट्या गाडी घेऊन आल्या. गाडीला पस्तीस इंची टायर होते. ते कुठून बसवले मला माहीत नाही, मी विचारले नाही. बाई बाकावर बसल्या. मी दिलेले पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "मावशी, काल गाडी थांबली नाही. जिथं थांबायला हवी होती तिथं थांबली नाही." उतारावरच्या वळणावर मेंढ्या आडव्या आल्या होत्या. एक मेंढी गेली. मेंढपाळाची मुलगी त्या मेंढीपासून हातभर अंतरावर होती. मुलीला काही झाले नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले.

मी गाडी जॅकवर चढवून पुढची चाके काढली. डावीकडच्या टायरला आतल्या बाजूने पत्र्याची कड लागून लांब काप गेला होता, आतले दोरे दिसत होते. बाईंनी बोट घालून पाहिले, जनावराची जखम तपासतात तसे. मग विचारले, "हा किती दिवस चालला असता?" मी म्हणाले, "दिवस कशाला मोजता. तुम्ही याच्यावर इथवर आलात, तेच पुष्कळ." त्या म्हणाल्या, "उतरवा सगळे. तुम्ही यांना सांगितलं होतंत ते बसवा, घरी येऊन हे हसत हसत सांगत होते." मी म्हणाले, "घरी विचारायचं का?" त्या म्हणाल्या, "गाडी माझ्या नावावर आहे, मावशी. ते टायर बसवताना मला तरी कुणी विचारलं होतं?" त्यांनी गाडीची कागदपत्रे दाखवली. प्रत सोबत जोडली आहे. परवानगी कोणाची घेतली या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे.

सोळाच्या रिमा माझ्याकडे होत्या. पस्तीसची चारही चाके उतरवून, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, ठेवून मी नवे टायर रिमांवर चढवत होते. साडेतीन वाजता तक्रारदार दोन माणसांना घेऊन आले. त्यांना कोणी कळवले ते मला माहीत नाही. "कुणाला विचारून हात लावला? आत्ताच्या आत्ता जसे होते तसे बसव," असे ओरडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही बसवायचे." ते म्हणाले, "तू गाडीत बस, घरी जाऊन बोलू." बाई बसल्या नाहीत, भिंतीला टेकून तिथेच उभ्या राहिल्या. तेव्हा ते सोबतच्या माणसांना म्हणाले, "चढवा रे तुम्ही."

त्यावर मी विचार करून चारही चाकांचे चोवीस नट एप्रनच्या खिशात टाकले आणि गाडीसमोर स्टूल टाकून बसले. सोबतचे दोघे माझ्याकडे व एकमेकांकडे बघत राहिले. तक्रारदार मला चोर म्हणाले, दुकानाला कुलूप लावतो म्हणाले. आणखीही म्हणाले, ते लिहून घेऊ नये, कारण त्यात त्यांच्याच आईबापांची नाचक्की आहे.

आरडाओरडा ऐकून माझे पती खाली आले. त्यांच्या हातात कात्री होती. ती कापडाची कात्री आहे, यंत्रावरून उठताना ठेवायची राहिली. पतीने कात्री दाखवून धमकावले हे खोटे आहे. ते एवढेच म्हणाले, "लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. हिच्या मापात मी कधी तोंड घातलं नाही. तुम्हीही घालू नका." त्यानंतर सोबतची दोन माणसे आधी बाहेर पडली, मग तक्रारदार. जाताना, पोलिसांत जातो म्हणाले. मी म्हणाले, "जा, पत्ता नीट सांगा, पाण्याच्या टाकीसमोर."

मी चाके बसवली, नट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले, हवा भरून काटा दाखवला. चार वाजून पन्नास मिनिटांनी डॉक्टरबाई निघाल्या. वरच्या वस्तीवर गाय अडली होती, फोन दोनदा येऊन गेला होता. गल्लीच्या तोंडाशी रस्ता मोकळा असताना त्यांनी एकदा मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मग त्या गेल्या.

उतरवलेल्यांपैकी तीन चाके दुकानात आहेत. ज्यांची आहेत त्यांनी सही करून घेऊन जावीत. काप गेलेले चौथे चाक मी आज स्वतः टेम्पोत घालून आणले आहे व ठाण्यात जमा करत आहे. ते पुन्हा कोणाच्या गाडीला लागता कामा नये. तशी पोच मला लेखी पाहिजे.

"मावशी, दोन शब्द माफीचे बोलून टाका, प्रकरण इथंच मिटवू," असे हवालदार साहेबांनी सुचवले. साहेबांचा हेतू चांगला आहे. परंतु माझ्याकडे ते दोन शब्द नाहीत. तक्रारदार उद्या तीच गाडी तेच टायर घालून घेऊन आले तर मी पुन्हा नट काढून घेईन, आणि स्टूलही तिथेच टाकीन.

माझा हा जबाब मला वाचून दाखवला. पान दोनवर "रागाच्या भरात नट खिशात टाकले" असे लिहिलेले आढळले. तसे मी बोलले नव्हते. ते शब्द माझ्यासमोर खोडून "विचार करून" असे लिहिले आहे व खाडाखोडीजवळ मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.