बिस्किटाच्या रंगाचे प्लग

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या मुलीने रुमालात बांधलेले चार जुने स्पार्क प्लग काउंटरवर ठेवले. म्हाताऱ्या दुकानदाराने एक उचलून चष्म्याजवळ धरला.

“तू टर्बोसाहेबांची मुलगी का गं?”

“नुसता प्लग बघून ओळखलंत, काका?”

“हे थंड जातीचे प्लग माझ्याकडून तेच एकटे न्यायचे. जुन्या गाडीला टर्बो बसवलेला, त्यात आपला उन्हाळा. साधा प्लग तापून पिस्टनची वाट लावतो. हा उष्णता चटकन बाहेर टाकतो.”

“मग तसेच चार द्या.”

“थांब जरा. यांच्यावर काजळी बसलीय. गाडी हळू चालवली की थंड प्लग असे काळे पडतात. साहेब आणि हळू? त्यांचे प्लग कसे बिस्किटाच्या रंगाचे परत यायचे! मी म्हणायचो, दमानं घ्या. ऐकतील तर शपथ!”

“शेवटची दोन वर्षं म्हणायचे, गाडी म्हातारी झाली, पळत नाही.”

“गाडीला काय धाड भरलीय?”

“आई शेजारी असायची ना. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला धक्का सोसायचा नाही.”

“असं होय... आता कोण चालवतं?”

“बाबा गेल्यापासून मीच. आई शेजारीच बसते.”

“मग एक पायरी गरम देतो. हळू चालवायला तेच बरे.”

“नको काका, थंडच द्या. तिची पाठ आता बरी आहे. काल म्हणाली, तुझ्या बाबांसारखी पळव की एकदा.”