एक चाक राहिलं होतं

आमी मूळचे शिरूर कासारकडचे. बाप स्टो, कंदील, सायकली दुरुस्त करायचा, बाजाराच्या गावांनी फिरायचा, आन् त्याच्यामागं हत्याराची पेटी घेऊन मी. शाळा काय सांगू तुमाला, नावापुरती झाली. पण कान लई तेज. बाप म्हणायचा, लतीफ, ह्या स्टोत काय बिघडलंय आवाजावरून सांग, मी सांगायचो, न् बाप गिऱ्हाइकापुढं मला मिरवायचा. त्या कानाचा मला लई माज होता.

पुढं बीडला गॅरेजात राहिलो, ट्रॅक्टर शिकलो. मंग तो दुष्काळ आला. तुमी म्हणाल कुठला, दुष्काळ काय एकच आलाय का इकडं, पण त्या साली गावंच्या गावं ऊसतोडीला गेलती न् मागं म्हातारीकोतारी तेवढी उरलीती. जवळच्या एका गावात सोसायटी होती, गावाचं नाव घेत न्हाई. तिच्या चेअरमननं सोसायटीच्या ट्रॅक्टरवर कंप्रेसर बसवायचं काढलं, म्हंजे विहिरीतला दगड फोडायला दुसऱ्याच्या मशीनची वाट बघायला नको. भंगारातून कंप्रेसरचं हेड, म्हंजे हवा दाबायचं यंत्र आणलं, मला बोलावलं. मी ट्रॅक्टरच्या मागं लोखंडी चौकट वेल्डिंग केली, तिच्यावर हेड बसवलं, मागच्या शाफ्टाला पुली लावून पट्टा ओढला. पट्टा जरा तिरका बसला का जळतो, म्हणून दोरी धरून धरून सरळ केला. बाजूला हवेची टाकी, टाकीला मोठा कॉक, म्हंजे हवा सोडायची तोटी, त्याला विहिरीत जाणारा पाइप. चेअरमन म्हणला, एक बारका कॉकपण काढ बे, आमच्या जीपच्या चाकात हवा भरायला कामाला येईल. काढला. सोसायटी म्हंजे त्याच्या घरची ओसरीच होती.

खाली ड्रिल मारायला सुदामदादा, त्याच गावच्या बौद्धवाड्यातला. दारू न्हाई, बिडी न्हाई, बोलणं तेवढं तिखट. लत्या, तुज्या मशीनला खोकला झालाय का रे, म्हणायचा. त्याची बायको कांतावहिनी भाकरी पाठवायची त्यात माझी वेगळी बांधलेली असायची, ठेचा जादा. माझ्या सख्ख्या भावानं इतकं केलं न्हाई.

आता काम कसं ते सांगतो, ते कळल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. ड्रिलनं भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, उडवायचा, न् मंग राहतो धूर. खोल विहिरीत हा धूर दिसायचा बंद झाला तरी तळाला बसून राहतो, माणूस मारतो. म्हणून पाइप तळाला सोडायचा, मोठा कॉक उघडायचा न् हवेनं तो धूर वर ढकलायचा. आमची रीत अशी, का इंजिन लोडवर दबून बोलतंय तवर खाली हवा जातीय, उतरायचं. कॉक बंद असला का टाकी भरती न् इंजिन मोकळं पळतं, आवाज हलका येतो. दादा उतरायच्या आधी माझ्याकडं बघायचा. मी कान द्यायचो, मान हलवायचो, मंगच तो उतरायचा.

त्या दिवशी तालुक्याचा साहेब विहीर बघायला येणार होता. सुरुंग उडाला, हवा सोडली. मी यारीवर होतो, यारी म्हंजे दगड वर काढायची क्रेन, न् यारी आन् ट्रॅक्टर यांच्यामधी दगडाचा ढिगारा, पलीकडचं काय दिसत न्हवतं. चेअरमनची जीप आली. त्यो ढिगाऱ्यापलीकडूनच वरडला, काहून बसलात, उतरा की. दादा म्हणला, जरा हवा खेळू द्या मालक. तर म्हणला, सुदाम, तुज्या पायाला काय मेंदी लागलीय का? साहेबाला कोरडा दगड दावू का? दादानं माझ्याकडं बघितलं. मी कान दिला. इंजिन लोडवर होतं, आजबी शपथ घेऊन सांगतो, लोडवरच होतं. मी मान हलवली. दादा बादलीत बसून गेला.

खाली दोरी ढिली पडली. हाक मारली, ओ न्हाई. परत मारली. मी ढिगाऱ्यावरून पलीकडं पळालो, तर मोठा कॉक बंद, बारक्या कॉकाला पाइप, न् डायवर जीपच्या चाकाशी उकिडवा बसून हवा भरतोय. विहिरीतला पाइप उघडा असला तर टाकीत दाब राहत न्हाई, चाक फुगत न्हाई, म्हणून त्यानं मोठा कॉक फिरवलेला. दाब चाकात चालला होता न् मशीन लोडवर बोलत होतं. मी कॉक उघडायला हात घातला, तर जीपमधून चेअरमन म्हणला, अरे थांब, एक चाक राहिलंय.

मी उघडलाच. पण वर काढला तवा दादा गेलता.

संध्याकाळपर्यंत गावात बोललं गेलं का सुदाम पिऊन उतरला होता. मी पारावर उभं राहून खरं सांगितलं, कॉकाचं, चाकाचं, सगळं. ऐकून घेतलं समद्यांनी न् आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी बसवलेल्या मशीनवर दुसरा माणूस, न् त्या भागात मला कुणी पाना धरू दिला न्हाई.

विहिरीला पाणी लागलं. दादानं पाडलेल्या शेवटच्या भोकांनी झरा फोडला होता. चेअरमननं जलपूजन केलं, हार घातले, आन् कांतावहिनीला बोलावून पहिला हंडा तिच्या डोक्यावर दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं ती हंडा आपटंल. तिनं न्हाई आपटला. सावकाश चालत घरी नेला. मी मागून गेलो तर म्हणली, भावजी, पाणी हाय, टाकून कसं देऊ, लेकरं सकाळपसून मागतेत. मी तिथंच रडलो, ती न्हाई रडली.

आता मांजरसुंब्याला माझं पंक्चरचं दुकान हाय. आवाजावर माझा भरवसा न्हाई. पाइपाचं तोंड गालाला लावतो, हवा लागली तरच चाकाला जोडतो, लोक हसतेत. वहिनीची पोरं शिकली, थोरली अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स हाय, अल्ला तिला उदंड आयुष्य देवो.

मागच्या महिन्यात एक मोठी गाडी थांबली. मागं चेअरमन, पार थकलेला, मांडीवर नातू. मला वळखलं न्हाई. मी एकेक चाक भरत गेलो, शेवटच्यापाशी हात थांबला माझा, काहून ते मलाच कळंना, नुसता पाइप धरून बसलो. त्यानं काच खाली केली न् म्हणला, अरे, एक चाक राहिलंय.

त्याला काय बी आठवलं न्हाई. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. नातवानं हात हलवला मला. मंग पाइप गालाला लावला न् ते चाक भरलं.