गळ्यावरचा चट्टा

मानेवरचा चट्टा साधा निघाला तर शिंप्याला त्याचा चहा परत मिळणार होता. नाहीतर दुकानावरच पाणी सोडायची वेळ होती. त्याची मान पाहून गिऱ्हाइकं माप द्यायलाही कचरू लागली होती. तो डॉक्टरांकडून तपासून घेऊन बाहेर आला, तशी बाकावरची बायको उठलीच.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“पसरणारा नाही.”

“सुटले बाई! मग कशाने आलाय?”

“आधी सांग, महिनाभर माझा चहा कुणी तोडला?”

“उष्णता वाढते म्हणून तोडला. तुमच्याच भल्यासाठी! कारण सांगा ना.”

“मापाची नवी टेप. दिवसभर गळ्यात असते, तिचं रबर कातडीला सोसत नाही.”

“अहो, मग आत्ता गळ्यात काय लोंबतंय?”

“सवय गं! डॉक्टरही तेच बघून हसले.”

“काढा आधी. चला, कोपऱ्यावर चहा घेऊ.”

“तू पण? माझ्याबरोबर सोडला होतास ना?”

“तुमच्यासमोर सोडला होता. दोघांनी कशाला हाल काढायचे?”

गुन्हा टेपचा, शिक्षा सुनावली बायकोने आणि भोगली एकट्या शिंप्याने. तरी चहाच्या दुकानाकडे तोच पुढे चालला होता.