फ्रिजच्या खोक्यातलं उमरेड

धंतोलीतल्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना शेजारचे आजोबा आजींना म्हणाले,

"वच्छला, माणसानं वस्तूत जीव गुंतवू नये वं."

"मंग घर बदलून महिना झाला, फ्रिजचा खोका काहून जपून राहिले? बाकीचे तं मी वाटून टाकले."

"दुपारी त्यात बसून डोळे मिटले का उमरेडचं घर येते. बाबाचा हातमाग खटखट वाजते."

"शेजारची कामिनीबाई आता सामान हलवून राहिली. खोका तिले कबूल केला मी."

"मंग देऊन टाक."

"काल तुम्ही बाहेर गेल्ते, तवा मीबी त्यात बसून पाहिलं."

"मंग?"

"मामंजीनं माग थांबवून चहा मागितला. मी उठून करायले गेली."

"मंग कामिनीबाईचं?"

"तिले दुसरा पाहू. तुम्ही फक्त आत जाताना चपला बाहेर काढत जा."