आपला ब्राउझर मान्य नाही

(जेवणाचं टेबल. त्यावर त्याचा लॅपटॉप, तिचा लॅपटॉप आणि त्याच्या आईने मांडलेला पत्त्यांचा डाव.)

ती: पुन्हा तेच आलं ना?

तो: भाषा बघ यांची. 'आपला ब्राउझर मान्य नाही.' मान्य नाही म्हणे! मी काय मुलगी मागायला आलोय?

आई: उलट. परत करायला आलायस.

तो: आई, तू पत्ते खेळ.

आई: खेळतेच आहे. कान कुठे ठेवू?

ती: हे बघ, पाचला मुदत संपते. तोवर तुझी संमती गेली नाही, तर अर्ज रद्द आणि घटस्फोटाचं सगळं पहिल्यापासून. तुझ्या लॅपटॉपवरून होत नाही म्हणून तर तुला इथे बोलावलं. माझा समोर उघडून ठेवलाय. याच्या ब्राउझरला कोर्टाची साइट मुकाट्याने आत घेते.

तो: घेणारच. चुगलखोर आहे तो. आपण काय वाचतो, कुठे रेंगाळतो, सगळं भलत्यासलत्यांना जाऊन सांगतो. माझा ब्राउझर कुणाला एक अक्षर सांगत नाही.

ती: तुझ्यावर गेलाय.

तो: मला कुणी पाळत ठेवलेली चालत नाही, एवढंच.

ती: तुझ्यावर पाळत ठेवून कुणाला काय मिळणार आहे? मी अकरा वर्षं ठेवली. काही निघालं नाही.

आई: मी त्याआधी ठेवली होती. दप्तरात एकदा पेरू सापडला, बस.

तो: थट्टा करा. पण मला सांग, उद्या कोर्टाच्या दारावर शिपाई उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या चपला आमच्या कंपनीच्या नाहीत, आत यायचं नाही, तर? ऐकून घेशील?

ती: नाही.

तो: मग?

ती: मग काय? बरोबर आहे तुझं. नेहमीच बरोबर असतं. तोच तर वैताग आहे.

तो: बरं, त्याच्यात काही बिघाड आहे म्हणावं तर तेही नाही. पान व्यवस्थित उघडतं. मी फसवून बघितलं ना. ब्राउझरचं नाव बदलून गेलो, तर ओळखून हाकलेपर्यंत क्षणभर सगळं दिसलं. म्हणजे चालतं! फक्त यांच्या यादीत नाव नाही म्हणून हाकलायचं. कुण्या आळशी माणसाने दोन ब्राउझर तपासले आणि बाकीच्यांच्या तोंडावर दार लावून चहाला गेला.

आई: मग तक्रार कर की बाबा.

तो: केली असती.

ती: का? काय झालं?

तो: तक्रारीचं पानही त्याच साइटवर आहे.

ती: अरे देवा!

तो: हसू नकोस.

ती: हसत नाहीये. तुझं स्वतःचं कुलपांचं दुकान आणि गावभर दाराबाहेर तूच उभा, यात हसण्यासारखं काय आहे?

आई: मी हसतेय. माझं वय झालंय, मला सगळं माफ आहे.

तो: तुला इथे फार करमतंय. सुनेचा घटस्फोट होतोय आणि सासू तिच्याच घरात पत्ते कुटत बसलीय. लोक काय म्हणतील?

आई: लोकांनी विचारलं की सांगते, मुलाच्या घराला तीन कुलपं आहेत आणि तिन्हींच्या किल्ल्या शोधेपर्यंत मला बाथरूमला जायची घाई होते.

ती: आई, तुमची गोळी घेतलीत का?

आई: घेतली गं. बघ, हिला विचारायचं सुचतं.

तो: मलाही सुचतं. मी बोलून दाखवत नाही, इतकंच.

आई: तेही तुझ्या ब्राउझरला सांगून ठेवलं असशील. तो काही कुणाला सांगत नाही.

तो: आई!

आई: काय आई आई? माझं छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा संमती द्यायला कोण होतं? त्या इस्पितळाचंही सगळं कॉम्प्युटरवरच. तुझ्या ह्या डब्याला त्यांनीही घेतलं नाही. तू बाहेर व्हरांड्यात हेल्पलाइनवर भांडत होतास. मला स्ट्रेचरवर ऐकू येत होतं. 'हा तत्त्वाचा प्रश्न आहे' म्हणून ओरडत होतास.

तो: होताच तत्त्वाचा.

आई: आत मी पडले होते. तत्त्व नव्हतं पडलं.

ती: आई, राहू द्या. तो विषय नको आज.

आई: का नको? माझी छाती उघडायची का नाही, ते परक्या घरातून आलेल्या या मुलीने ठरवलं. स्वतःच्या फोनवर 'नातं' म्हणून 'सून' लिहिलं आणि संमती देऊन टाकली. म्हणून मी इथे राहते. करमतं वगैरे काही नाही.

तो: ...दे तुझा लॅपटॉप इकडे.

ती: घे.

तो: पासवर्ड मागतोय.

ती: घाल मग.

तो: आठवत नाही. माझ्या त्यात साठवलेला आहे.

ती: तुझ्या दुकानाचं नाव, मग तुझ्या पहिल्या स्कूटरचा नंबर.

तो: तुला कसा माहीत?

ती: दुकानाचा परवाना कोण भरायचं? विजेचं बिल? तुझा विमा? कुठलीच साइट तुला दारात उभं करत नव्हती. मीच तू होऊन जात होते सगळीकडे. तुझ्या ओटीपीचा आकडासुद्धा माझ्याच फोनवर येतो. हा बघ आला. सांगते, टाक.

तो: थांब. म्हणजे ही संमतीसुद्धा तू तिथल्या तिथे देऊ शकली असतीस.

ती: सोमवारीच.

तो: मग मला कशाला बोलावलंस? गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत?

ती: आपल्या लग्नातलं एक तरी काम तू तुझ्या हाताने करावंस म्हणून.

आई: घ्या.

ती: आई, प्लीज.

आई: मी पत्त्यांशी बोलतेय.

तो: हे काय विचारतायत? 'ही संमती आपण कोणाच्याही दबावाखाली देत नाही ना?'

आई: दबाव माझा आहे. खूण कर आणि पुढे जा.

तो: तुला... तुला वाटतं, मला आईची काळजी नव्हती?

ती: कधी म्हटलं मी तसं?

तो: मग त्या दिवशी व्हरांड्यात येऊन माझ्याकडे असं का बघितलंस? नुसतं बघितलंस आणि आत गेलीस.

ती: कारण तू घाबरला होतास.

तो: मी भांडत होतो.

ती: मी दातांची डॉक्टर आहे रे. रोज बघते. खुर्चीत बसल्यावर जो सगळ्यात जास्त घाबरलेला असतो ना, तोच माझ्याशी दिव्याच्या कंपनीवरून वाद घालतो. त्याला बोलू देते मी. बोलता बोलता तोंड उघडतं आणि काम होतं.

तो: माझं नाही झालं.

ती: नाही. तू बोलत राहिलास, पण तोंड काही उघडलं नाहीस. त्या दिवशी एकदा म्हणाला असतास की मला भीती वाटतेय, तर दोघं मिळून घाबरलो असतो. मीही काही कमी घाबरले नव्हते. संमती देताना माझंच नाव दोनदा चुकीचं टाइप केलं मी.

तो: हे तू कधी सांगितलं नाहीस.

ती: कुणाला सांगू? तू फोनवर होतास.

आई: ...पावणेपाच झाले रे बाळा.

तो: हो.

ती: खालचं निळं बटण.

तो: दिसतंय.

ती: नको असेल तर आत्ता सांग. पण तत्त्व सोडून दुसरं काही कारण असेल तरच.

तो: कारण नाही. भीती वाटतेय.

ती: मलापण.

तो: दाबू?

ती: दाब.

तो: ...दाबलं.

ती: काय म्हणतंय?

तो: 'आपली संमती नोंदवली आहे. आता हे पान बंद केलंत तरी चालेल.'

आई: मग कर की बंद.

तो: करतो. जरा वेळ राहू दे.